शून्य सावलीचा मांडव

"एक कवडसा खाली येनार न्हाई, बाई. आला तर माझं नाव सुबराव सांगायचं न्हाई," तात्या शिडीवरून म्हणाले.

मी शाळेच्या फाटकात उभी होते. हातात चुन्याचा डबा, खांद्यावर झोळी आणि तोंड उघडं. आदल्या दिवशी मी सांगलीला गेले तेव्हा पळसखिंडीच्या शाळेच्या पटांगणावर नुसतं आभाळ होतं. सकाळच्या पहिल्या एसटीने परत येऊन बघते तर आभाळ गायब. त्याच्या जागी लाल-पिवळ्या पट्ट्यांचं छत, चारी बाजूंनी झालर, खाली सतरंज्या, सतरंज्यांवर खुर्च्यांच्या रांगा, आणि मधोमध टांगलेला थर्माकोलचा भलामोठा सूर्य. त्याला सोनेरी कागद चिकटवला होता. कार्यक्रम सूर्याचा आहे म्हटल्यावर सूर्य नको का, असा तात्यांचा विचार.

"कसा वाटला मांडव?" त्यांनी विचारलं.

"तात्या, ऊन कुठे आहे?"

"भाईर," तात्या अभिमानाने म्हणाले. "भाईर ठेवलंय."

मला हसू आलं. मी तिथल्याच एका खुर्चीवर बसले. खुर्ची गार होती. बाहेर मे महिन्याचं ऊन तापायला लागलं होतं आणि आत सुखाचा वारा खेळत होता. इतका उत्तम मांडव मी त्याआधी कधी पाहिला नव्हता, आणि त्या दिवशी मला जगात एकच गोष्ट नको होती, ती म्हणजे मांडव.

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा राज्याची एक योजना होती. गणित किंवा शास्त्र शिकलेल्या पोरापोरींनी एक वर्ष खेड्यात राहायचं, तिथल्या शाळेला या दोन विषयांत हात द्यायचा, गावात एक विज्ञान केंद्र चालवायचं. आम्हाला विज्ञानमित्र म्हणत. गावात मला विज्ञानबाई म्हणत, आणि गडबडीत असले की नुसतंच बाई. मी शर्वाणी पोतदार, सांगलीची, गणितात बीएस्सी. घरी माझ्या गणिताचा एकच उपयोग सर्वांना सुचला होता. मामांचं भांड्यांचं दुकान होतं, तिथे गल्ल्यावर बसायला विश्वासाचं माणूस हवं होतं. मामा म्हणाले होते, वर्षभर काय हौस करायची ती कर, मग ये. गल्ला कुठे पळून जात नाही.

वर्ष संपत आलं होतं. आणि वरून निरोप आला होता की आता प्रत्येक तालुक्यात एकच केंद्र राहणार. आमचं तरी, नाहीतर तालुक्याच्या गावातल्या मोठ्या हायस्कुलातलं तरी. त्यांच्याकडे सभागृह होतं, पंखे होते. आमच्याकडे एक कपाट, एक दुर्बीण आणि आडाच्या पाण्यावर वाढलेला कडुनिंब होता. योजनेच्या विभागप्रमुख गुळवणी मॅडम स्वतः येऊन बघणार होत्या आणि त्यावर निकाल ठरणार होता; केंद्र राहिलं तर माझीही मुदत वाढणार होती. मॅडमबद्दल मी एवढंच ऐकून होते की तक्ते, फलक, रांगोळ्या यांच्याकडे त्या बघतसुद्धा नाहीत. समोर दिसेल त्या गावकऱ्याला धरतात आणि विचारतात, हे काय चाललंय ते मला सांगा.

मला पळसखिंड सोडायची नव्हती. सांगलीत मी प्रश्न विचारला की मुलीने इतकं बोलू नये असं म्हणत. इथे संध्याकाळी माणसं मला प्रश्न विचारायला येत. पाण्यात काठी मोडल्यासारखी का दिसते, गाभण शेळीचे दिवस कसे मोजायचे, चंद्र दिवसा का दिसतो. मला निम्म्यांची उत्तरं येत नसत आणि तरी ते उद्या परत येत. इतका मान मला आधी कुणी दिला नव्हता, नंतरही फार थोड्यांनी दिला.

म्हणून मी मॅडमना शून्य सावलीच्या दिवशी बोलावलं होतं. आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. एरवी तो जरा इकडे नाहीतर जरा तिकडे कललेला असतो, पण त्या दिवशी नेमका माथ्यावर. सरळ उभ्या वस्तूची सावली तेवढ्यापुरती तिच्याच पायाखाली जाते, दिसेनाशी होते. एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टात, पण ऑगस्टात ढग. म्हणजे आमच्या हातात हीच एक दुपार होती आणि त्या दुपारचीही साडेबाराच्या जरा अलीकडची थोडीशी मिनिटं.

पाडव्यापासून पोरांनी तयारी केली होती. पटांगणाच्या मध्ये आम्ही दोन पुरुष उंच लोखंडी नळी रोवली होती. रोज भर दुपारी पोरं तिच्या सावलीच्या टोकाशी चुना लावलेला एक दगड ठेवत. सावली दिवसेंदिवस आखडत होती आणि पांढऱ्या दगडांची ओळ नळीकडे सरकत होती. सुट्टी लागली तरी एकही दुपार पोरांनी चुकवली नाही. आज शेवटचा दगड नळीला टेकणार होता.

आता नळीच्या वरच्या टोकाला मांडवाची दोरी बांधलेली होती आणि दगडांच्या ओळीवर सतरंजी होती.

"तुमचा खांब आयता घावला," तात्या शिडी उतरत म्हणाले. "मधी एक टेका पायजेच हुता."

सुबराव हिप्परकर म्हणजे आमच्या सगळ्या खोऱ्याचे मांडववाले. वय साठीचं, अंगाने काटक, मिशा पांढऱ्या, आणि स्वभाव असा की मुलीच्या बापाने घाई केली तर लग्नाची तिथी बदला म्हणतील, पण खांब घाईने रोवणार नाहीत. त्यांचे खांब सरळ असतात अशी ख्याती होती आणि ती मुख्यतः त्यांनीच पसरवली होती. सावली नाहीशी होते हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं. मी महिनाभर समजावलं. ते एकच म्हणत, "बाई, म्या जल्मभर सावलीच इकली. ती कुटं जाती न् कुटं येती ते मला नका सांगू." तरीही माझा कार्यक्रम आहे म्हणून रात्रीतून त्यांनी स्वखुशीने, एक पैसा न घेता, आपला सगळ्यात मोठा मांडव घातला होता. मांडव घालू नका असं आधी सांगून ठेवावं लागतं, हे मला तरी कुठे ठाऊक होतं.

मी त्यांना शांतपणे सांगितलं की मांडव उतरवावा लागेल.

तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या सुनेला माहेरी पाठवा म्हटलं होतं. मग त्यांनीही मला शांतपणे समजावलं. पाहुण्याला उन्हात बसवायचं फक्त एकाच प्रसंगी, मयताला. मॅडम काय दहाव्याला येणार आहेत? मी म्हटलं, बरं, पाचच मिनिटं सगळ्यांना बाहेर रस्त्यावर नेऊ. ते म्हणाले, मे महिन्यात सावलीला टेकलेला माणूस उन्हात नेऊन दाखवा, मी तुमचा चाकर. आणि रस्त्यावर तुमचे दगड कुठे आहेत? हे खरंच होतं. दगडांची ओळ सतरंजीखाली होती, आणि तिच्याशिवाय मॅडमना दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.

"मग उतरवा ना," मी म्हणाले. आवाज जरा रडका आला असावा.

तात्या खाली बसले. "बाई, आईका. मांडव उतरवत न्हाईत असं न्हाई. पन कार्य उरकल्यावर. कार्य व्हायच्या आदी मांडव उतरला म्हंजी कार्य मोडलं. लगीन मोडल्याशिवाय आजवर माझा मांडव मधी उतरला न्हाई. तुमचं कार्य मी माझ्या हातानं मोडू?"

माणूस माझ्या भल्यासाठीच मला बुडवत होता.

एवढ्यात सरपंच इंदूकाकू सरगर आल्या. मी त्यांच्याच घरी खोली घेऊन राहत होते. त्यांनी नवं इरकली लुगडं नेसलं होतं आणि हातात भाषणाचे कागद होते. अध्यक्षीय भाषण. पंधरवडाभर त्या ते रोज मला म्हणून दाखवत होत्या, भाकरी थापताना, शेळीची धार काढताना, आणि आता मलाही पाठ झालं होतं. त्यांनी मांडव बघितला, तात्यांना शाबासकी दिली, माझा चेहरा बघितला आणि सगळं ऐकून घेतलं.

"सुबराव," काकू म्हणाल्या, "कार्य उरकलं म्हंजी काय काय झालं पायजे?"

तात्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. पाहुणा मांडवाखाली बसला पाहिजे. शाल-नारळ झाला पाहिजे. तोंड गोड झालं पाहिजे. आणि आभार झाले पाहिजेत. आभार झाले की कार्य उरकलं, मग मांडव उतरवायला त्यांची काही हरकत नव्हती. त्यांची माणसं होती, कापड खाली यायला दहा मिनिटंसुद्धा पुरे होती.

"मग सोपं हाय," काकू म्हणाल्या. "आदी कार्य उरकू. मग कार्यक्रम करू."

मी त्यांच्या पायाच पडणार होते, पण इरकली चुरगळेल म्हणून त्या मागे सरल्या. ठरलं असं की मॅडम साडेदहाला येतील, अकरापर्यंत सत्कार आणि आभार, साडेअकराला मांडव खाली, मग ऊन, मग सावली, आणि शेवटी जेवण. तिकडे जिलेबीचं तेल तापायला लागलं होतं. सगळं इतकं छान जुळत होतं की मी नळीजवळची सतरंजी स्वतः गुंडाळली आणि दगडांवरची धूळ पुसली.

साडेदहा वाजले, अकरा वाजले, साडेअकरा झाले. गाव जमलं. म्हातारी माणसं पहिल्या रांगेत, बाया एका बाजूला, पोरं नळीभोवती. मॅडमचा पत्ता नव्हता. मी फाटकाशी जाऊन रस्ता बघत होते आणि मधूनमधून मांडवाच्या कडेला जाऊन बाहेरच्या खांबाची सावली बघत होते. ती दर फेरीला आखडलेली दिसे. जिलेबीवाल्याने विचारलं, पाक गरम ठेवू का. मी त्याला काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही, पण त्याने मला पाणी आणून दिलं.

बारा वाजायच्या बेतात धुरळा उडवत जीप आली. वाटेत चाक बसलं होतं. गुळवणी मॅडम खाली उतरल्या. उंच, खादीची साडी, कपाळावर घाम, चेहरा वैतागलेला. त्यांनी तोंड उघडायच्या आत काकूंनी त्यांचा हात धरला आणि मांडवाखाली आणून खुर्चीवर बसवलं. तात्या लांबून बघत होते. त्यांनी एक बोट दुमडलं.

"नमस्कार, मी जरा आधी..." मॅडम म्हणाल्या, आणि त्यांच्या अंगावर शाल पडली. भर मे महिन्यातली लोकरी शाल. मागोमाग नारळ हातात. दुसरं बोट.

"हे कशाला, मी सत्कार घेत..." त्या म्हणाल्या, आणि काकूंनी गरम जिलेबीचा तुकडा त्यांच्या तोंडात घातला. तिसरं बोट. मॅडमना जिलेबी चावावीच लागली. तोवर माईकवर आभार मानायला मुख्याध्यापक तोडकर सर उभे राहिले होते.

आणि इथे माझ्या लक्षात आलं की सगळ्या गडबडीत मी तोडकर सरांना हिशेबातच धरलं नव्हतं.

तोडकर सर देवमाणूस. पण आभार ही त्यांची कला होती. आभाराला त्यांना लांबलांबून बोलावणी येत. ते कुणाला वगळत नसत. पाहुण्यांपासून सुरुवात करून ते हळूहळू खाली येत, माईकवाल्यापर्यंत, वीज न गेल्याबद्दल वीज मंडळापर्यंत, आणि प्रत्येकासाठी त्यांच्याकडे दोन ओळींची कविता असे, स्वतः रचलेली. आभार आटोपते घ्या असं मी त्यांना सकाळी सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली होती. पण माईक हातात आल्यावर माणूस स्वतःचा राहत नाही.

त्यांनी मॅडमचे आभार मानले. मग मॅडमच्या आईवडलांचे. मग जीपच्या चालकाचे, ज्याने चाक बदललं. मग त्या चाकाचा उल्लेख झाला आणि जीवनाचे चाक कसे असते यावर ते वळले. बाहेरच्या खांबाची सावली वीतभर उरली होती. तात्यांचं चौथं बोट उभंच होतं. त्यांची माणसं शिडीवर चढून गाठींपाशी बसली होती, पण तात्या खूण करत नव्हते. आभार संपल्याशिवाय ते करणारही नव्हते. मॅडम शालीत घामाघूम होऊन बसल्या होत्या आणि आता हे काय चाललंय असं त्या खरोखरच कुणाला तरी विचारतील असं वाटत होतं.

मी काकूंकडे बघितलं. त्या अध्यक्षांच्या खुर्चीत कागद हातात धरून बसल्या होत्या. आभारात अजून त्यांचं नाव यायचं होतं. सर मानाचं नाव म्हणून अध्यक्षांना अगदी शेवटी ठेवत, आणि त्यांच्यासाठी चार ओळी असत. काकूंना ते माहीत होतं. मला काय हवंय तेही त्यांना माहीत होतं. त्यांनी कागदांची घडी घातली, ती कमरेला खोचली आणि त्या ताडकन उभ्या राहिल्या.

"सावधान," काकू म्हणाल्या. "पोरांनो, राष्ट्रगीत."

आमच्याकडे राष्ट्रगीत झालं की कार्यक्रम संपला. त्यानंतर कुणाला काही बोलता येत नाही, तोडकर सरांनासुद्धा नाही. पोरं क्षणात ताठ झाली आणि खड्या आवाजात सुरू झाली. सगळा गाव उभा राहिला. तोडकर सर एका ओळीच्या मध्यावर होते, त्यांनी तोंड मिटलं आणि हात बाजूला घेतले. शाल आणि नारळ सांभाळत मॅडमही ताठ उभ्या राहिल्या. सर्वांनी राष्ट्रगीत नीट, पूर्ण म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते नुसतं देशासाठी नव्हतं.

शेवटचा सूर संपला. तात्या दोन पावलं पुढे आले.

"उरकलं?"

"उरकलं," काकू म्हणाल्या.

तात्यांनी चौथं बोट दुमडलं आणि जी शीळ घातली ती खोऱ्याच्या पलीकडे ऐकू गेली असेल.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. गाठी सुटायला लागल्या. एका बाजूचं कापड सुटलं आणि उन्हाचा एक पट्टा म्हाताऱ्यांच्या रांगेवर पडला. पळून जाण्याऐवजी म्हातारेच उठले आणि हाताला येईल ती गाठ सोडायला लागले. कोपऱ्यावर तात्या ओरडत होते, हळू, हळू, माझी झालर. पण हळू आता कुणाला जमत नव्हतं. बाया कापड ओढत होत्या, पोरं त्याच्याखालून धावत होती, थर्माकोलचा सूर्य सुटून तोडकर सरांच्या हातात पडला. मग मधली दोरी सुटली आणि सगळं लाल-पिवळं छत एकदम आमच्यावर येऊन बसलं.

कापडाखाली अंधार आणि हसू. कोण कुणाच्या पायावर पाय देतंय कळत नव्हतं. मी चाचपडत पुढे गेले तर माझ्या हाताला लोकरी शाल लागली.

"तुम्ही कोण?" शालीतून आवाज आला.

"मी विज्ञानमित्र, मॅडम. शर्वाणी पोतदार."

"असं. हे तुम्ही नेहमी असंच करता का?"

तेवढ्यात कुणीतरी कापड ओढलं आणि आम्ही दोघी लख्ख उन्हात आलो. मॅडमचे केस विस्कटले होते. त्यांनी शाल काढली, नारळाबरोबर खुर्चीवर ठेवली, आणि त्या हसत होत्या. त्या हसतील असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग सगळ्यांच्या माना एकदम खाली वळल्या.

मांडव गेला होता, पण खांब होते. तात्यांचे सगळे खांब, रांगेने, पटांगणभर उभे, आणि मधोमध आमची नळी, दोरीतून सुटलेली. प्रत्येकाच्या पायाशी सावलीची चिमूटभर काळी कड होती, आणि ती आमच्या डोळ्यांदेखत आत ओढली जात होती. मी एका नळीचा विचार केला होता. तात्यांनी मला खांबांचं रान दिलं होतं. पोरांनी शेवटचा पांढरा दगड नळीला टेकवला. आणि सावली गेली. नळीची गेली, या खांबाची गेली, त्या खांबाची गेली, अख्ख्या पटांगणात एकाही खांबाला सावली नाही, असं वाटलं. काकू आपल्या पायांकडे बघत स्वतःभोवती गिरकी घेत होत्या, इरकलीसकट. पहिल्या रांगेतले म्हातारे एक पाय उचलून खाली बघत होते, मग दुसरा. मॅडमनी चपला काढून हातात घेतल्या होत्या आणि उभ्या धरून त्यांच्या खाली बघत होत्या. जमीन तापलेली होती, तरी त्यांनी त्या पुन्हा घातल्या नाहीत.

"आयला," असा आवाज आला. तो तात्यांचा होता.

फाटकाजवळच्या एका खांबाला सावली होती. चार बोटांची, पण स्पष्ट. एवढ्या सगळ्या खांबांत तो एकटाच. तात्या त्याच्याजवळ गेले, सावली बघितली, वर बघितलं, मग शेजारचा खांब बघितला. त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी खांबाला खांदा लावला आणि सावलीवर नजर ठेवून हळूहळू रेटलं. चार बोटांची तीन झाली, दोन झाली, एक झाली. मग तीही गेली. तात्या मागे झाले आणि उपरण्याने तोंड पुसलं.

गुळवणी मॅडम त्यांच्यामागे येऊन उभ्या होत्या.

"हे काय चाललंय ते मला सांगा," त्या म्हणाल्या.

"काय सांगायचं," तात्या म्हणाले. "आजवर कुनी माझ्या खांबाला वाकडा म्हनलं न्हाई. आज सूर्यनारायनानं म्हनलं."

"त्याला कसं कळलं?"

"त्यो बरोब्बर डोक्यावर आलाय न्हवं. वरनं सरळ बगतोय. खांब सरळ असंल तर सावली जाईल कुटं? त्येच्याच बुडाखाली. वाकडा असंल तर भाईर डोकावनारच. एरवी त्योच तिरका असतो, मग सरळ खांबाची बी सावली पडती, कळत न्हाई कुनाचा दोष." ते थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई म्हैनाभर हेच सांगत हुती. मला वाटलं काय तरी पुस्तकातलं असंल."

"आणि उद्या?" मॅडमनी विचारलं.

तात्यांनी दगडांच्या ओळीकडे बघितलं. इतके दिवस ते तिच्यावरून चालत गेले होते. आज त्यांनी ती नीट बघितली, शेवटच्या दगडापर्यंत, आणि नळीच्या पलीकडची रिकामी जमीन बघितली.

"उद्या त्या अंगाला पडंल," ते म्हणाले. "पलीकडं. दगुड तिकडं ठिवाय लागतील."

हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं, पोरांनी स्वतः शोधावं म्हणून राखून ठेवलं होतं. मला एकदम इतका आनंद झाला की मी शेजारी उभ्या तोडकर सरांचा हात दाबला. त्यांच्या दुसऱ्या हातात थर्माकोलचा सूर्य होता. ते म्हणाले, यावर दोन ओळी सुचतात. मी म्हटलं, म्हणा. आणि ऐकून घेतल्या.

जेवणं उन्हातच झाली. मांडव पुन्हा घालायला वेळ नव्हता आणि तशी कुणाला आठवणही राहिली नाही. कडुनिंबाखाली, वऱ्हांड्यात, पायरीवर, मिळेल तिथे गाव जेवलं. मॅडमनी मठ्ठा तीनदा घेतला. पण केंद्राबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मी दोनदा विषय काढला. त्यांनी दोन्हीदा विचारलं की जिलेबी कोण करतं.

जीपपर्यंत मी, काकू आणि तात्या त्यांना पोचवायला गेलो. त्यांनी काकूंचा निरोप घेतला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि आत बसल्या. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून जरा दरडावूनच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मात्र मांडव नको."

जीप गेली. धुरळा बसला. मी रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. संपलं, असं वाटलं. एवढं सगळं होऊन त्यांच्या लक्षात राहिला तो मांडव. आता सांगली, भांडी, मामा आणि गल्ला.

तात्यांना वेगळाच राग आला होता. "पोटभर जेवली आनि जाताना मांडवाला नाव ठिवून गेली."

काकू जीप गेली त्या दिशेला बघत उभ्या होत्या. मग त्यांनी मला विचारलं, "पोरी, काय म्हनली ती? परत सांग."

"मांडव नको म्हणाल्या."

"त्येच्या आदी?"

मी आठवलं. मग माझं तोंड सकाळसारखंच उघडं पडलं.

"पुढच्या वर्षी," मी म्हणाले.

काकूंनी माझी पाठ इतक्या जोरात थोपटली की मी दगडावरून उठलेच. कमरेची कागदाची घडी त्यांनी काढली, हवेत हलवली आणि भर रस्त्यात, त्या धुरळ्यात, सुरुवात केली, सन्माननीय व्यासपीठ आणि माझ्या बंधू-भगिनींनो. समोर मी आणि तात्या, दोघेच. त्यांनी अख्खं भाषण केलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मला ते पाठ होतं, तरी मी मधेमधे हसत होते आणि रडतही होते. आवरेनासं झालं होतं.

तात्या विचारात पडले होते. भाषण संपल्यावर ते म्हणाले, "म्हंजी पुढच्या वर्षी हाय?"

"आहे, तात्या."

"मग कापड न्हाई घालत," ते म्हणाले. "खांब तेवढं रवतो."

मी पळसखिंडीत आणखी सहा वर्षं राहिले. मामांच्या गल्ल्यावर त्यांनी शेवटी स्वतःच्या जावयाला बसवलं, आणि तो म्हणे हिशेबात कच्चा आहे. मी आता सांगलीजवळच एका कॉलेजात शिकवते. तात्या ऐंशीच्या पुढे गेलेत, कानाने कमी ऐकतात, म्हणून फोनवर फार मोठ्याने बोलतात. दरवर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन येतो. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"खांब रवलेत, बाई. एक बी वाकडा न्हाई. पन तुमी येऊन बगा."

मी जाते.